फिल्म लोक बघतात, पण संडासाची कडी काही लागत नाही. गोष्ट कशी सांगावी?

मानखुर्दकरीण
नमस्कार. मी मानखुर्दला राहते, बीएएमएमसीच्या, म्हणजे मास कम्युनिकेशनच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. वस्तीतले आम्ही काही जण मोबाइलवर छोट्या फिल्म करतो. पाण्यावरची मागची फिल्म भरपूर लोकांनी पाहिली, खाली ‘बिचारे’ म्हणून रडके इमोजी टाकले आणि पाणी आहे तसंच येतंय.

आताची फिल्म आमच्या सार्वजनिक संडासावर आहे. बायकांच्या बाजूला एकाही दाराला आतून कडी नाही. त्यामुळे एकीला जायचं तर दुसरीला सोबत जावं लागतं. ती बाहेर दाराला पाठ लावून उभी राहते. रात्री बायका ठरवून निघतात. एकीकडे मोबाइलची बॅटरी, एकीकडे डबा, एकीकडे सुटे पैसे.

फिल्ममध्ये मुख्य आहेत शेजारच्या मावशी. घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवतात, बोलायला एकदम फटकळ. एका संस्थेतल्या दादांनी रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, पाहिला आणि म्हणाले, मावशी रडतानाचा शॉट मिळतो का बघ, नाहीतर लोक थांबत नाहीत. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "रडायचं तेव्हा मी माझ्या घरात रडेन. तू कडीचं दाखव."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नुसती हळहळ न होता काहीतरी हलेल, अशी गोष्ट सांगायची कशी? आणि पलीकडच्या गल्लीतली १४ वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार आहे. रात्री जावं लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. तिचा चेहरा दाखवावा का?

कुर्ला_एडिट
रडण्याचा शॉट अजिबात नको. मावशी बरोबर बोलल्या.
माझ्याकडून आवाजाबद्दल एवढंच सांगतो. वस्तीत चित्र जमतं, आवाज मार खातो. बोलणं घेताना पंखा बंद ठेवा, शेजारचा कुकर उतरू द्या, इअरफोनचा माइक पदराला आतून पिनेने लावा. आणि मराठीसोबत हिंदी सबटायटल टाका, तुमच्या भागात लागतील.

चेंबूरची_ताई
मी बरीच वर्षं वस्त्यांमध्ये बायकांच्या गटांसोबत काम करते, त्यामुळे जरा लांबण लावते.

ही कडी लावणं कोणाचं काम आहे, हे तुझ्या फिल्मला माहीत आहे का? मुंबईत वस्तीतले काही संडास म्हाडाने बांधलेले, काही पालिकेचे, आणि रोजचं चालवणं बऱ्याचदा तिसऱ्याच कोणाकडे, वस्तीतल्या संस्थेकडे नाहीतर ठेकेदाराकडे. हे शोधलं नाहीस तर बघणारा ‘सरकार काही करत नाही’ म्हणून पुढे सरकवतो. आणि ज्याच्या टेबलावर तो कागद आहे तो निवांत राहतो, कारण त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं.

‘राईट टू पी’ची मोहीम आठव. २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली, आमच्या चेंबूरची कोरो आणि इतर बऱ्याच संस्था त्यात होत्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला त्याच कामाचे पैसे, एवढी एकच गोष्ट त्यांनी लावून धरली. कार्यकर्त्या स्वतः जाऊन मुताऱ्या बघून आल्या, नोंदी केल्या, रस्त्यावर उभं राहून सह्या घेतल्या आणि पालिकेत जाऊन बसल्या. आधी हसणारेसुद्धा पुढे गप्प झाले, कारण पैसे मोजणारी बाई समोर उभी होती आणि हातात नोंदी होत्या. तुझ्याकडे मावशी आहेत. नोंदी कर. किती दारं, किती कड्या, दिवा कुठे नाही, कोणाकडून किती पैसे घेतात. फिल्ममध्ये मावशींनाच एकेक दार उघडून मोजू दे. त्यांच्या फटकळ आवाजात ती मोजणी ऐकली की पुढे निवेदन लागणारच नाही.

दुसरं, फिल्म आधी गल्लीत दाखव, नेटवर नंतर. ज्यांचं जगणं त्यात आहे त्यांना ‘हे काढ’ म्हणायची संधी मिळालीच पाहिजे. यात मी कधीच तडजोड करत नाही.

मुलीबद्दल: चेहरा नको. ती आज तयार आहे, पण उद्या शाळेत जाणार तीच. तिच्या आईशी बोल, नुसता आवाज घे, हात दाखव, भरलेला तांब्या दाखव. गणवेश, शाळेचं नाव, गल्लीची पाटी काहीच नको. बोलता बोलता कोणी छेडलं, हात लावला असं निघालं तर कॅमेरा लगेच बंद कर आणि वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या जाणत्या ताईला सोबत घे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ खाली अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, शेजार असं काहीही बाहेर देता येत नाही. आईची परवानगी आहे म्हणूनही चालत नाही.

घाटकोपर_पश्चिम
ताईंच्या ‘आधी गल्लीत’ला जोडून लिहितो. आमच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे राहायचे. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. गिरणी कामगारांचं दुःख कामगारांपुढेच मांडलं, तेही ढोलकीवर, हसवत आणि चिडवत. समोरचा माणूस स्वतःला ओळखून पेटायचा. पोरी, तुझ्या मावशींचा फटकळपणा कापू नकोस. खरी ताकद तिथेच आहे.

अंधेरी_लोकल
ताईंचं पटतं, पण एक शंका. दारं, कड्या, खातं, अधिकारी असं सगळं आत घातलं तर फिल्म म्हणजे तक्रार अर्जच होईल ना? मला तर त्या खडे चिकटवणाऱ्या मावशींबरोबर थोडं बसायला आवडेल.

चेंबूरची_ताई
अंधेरी, बरोबर आहे. म्हणून खात्याचं नाव फिल्ममध्ये नकोच. फिल्म मावशींची, अर्ज वेगळा, आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच टेबलावर.

मानखुर्दकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींना सगळं वाचून दाखवलं. मोजणी त्यांना फार आवडली, म्हणाल्या पुरुषांच्या बाजूचीही करू, तिथे कड्या असल्या तर तेही दिसू दे. मुलीच्या आईशी आज बोलले, फक्त आवाज घ्यायचं ठरलंय. रविवारी संध्याकाळी मंडळाच्या चौकात चादर बांधून दाखवतोय.
ताई, संडास कोणाच्या ताब्यात आहे हे माहितीच्या अधिकारात विचारायचं तर अर्ज मराठीत चालेल ना?

चेंबूरची_ताई
मराठीतच कर. नमुना ‘अ’, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलेल्या कोणाच्या नावाने केलास तर तेही लागत नाही, कार्डाची प्रत जोड. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. जन माहिती अधिकारी, एम पूर्व विभाग (तुमचा पालिकेचा विभाग), असं लिही आणि घनकचरा व्यवस्थापन खात्याचा उल्लेख कर. संडास म्हाडाचा निघाला तर अर्ज तिकडे पाठवणं त्यांचंच काम आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस, आणि मावशींना सोबत ने.