सिंगापूरच्या रुग्णालयाला मुंबईतून पैसे पाठवायचे आहेत: ए2 फॉर्म, टीसीएस, मर्यादा

बोरिवली_पश्चिम: वडिलांना उपचारांसाठी सिंगापूरला न्यायचं आहे. रुग्णालयाला आधी अनामत हवी आहे, रुपयांत साधारण 25 लाख. खर्चाचं एस्टिमेट लागतंच का? टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो आयकर) किती कापतील? पैसे वडिलांच्या खात्यातून पाठवावेत की माझ्या? सोबत आई जाईल.

फोर्ट_फॉरेक्स: एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात. तेवढ्यापर्यंत बँकेने एस्टिमेटचा आग्रह धरायचा नसतो. त्याहून जास्त लागले, तर इथल्या डॉक्टरांचं किंवा तिकडच्या रुग्णालयाचं एस्टिमेट बघून बँकच ते सोडते, रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. सोबत जाणाऱ्या आईंची अडीच लाखांची मर्यादा वेगळी.

तरीही रुग्णालयाचं पत्र हातात ठेवाच. लाभार्थीचं नाव, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड (तिकडच्या बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) त्यातूनच जसाच्या तसा उतरवायचा. नावात फरक पडला की पैसे तिकडच्या बँकेत अडकतात, आणि ते परत येईपर्यंत रुग्ण ताटकळतो.

सगळ्यात जपायचं ते ए2 फॉर्मवरचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या बँकेतल्या अर्जावरचा, पर्पज कोड (पैसे कशासाठी ते सांगणारा). उपचारांसाठीच्या प्रवासाचा कोड एस0304. घाईत किंवा नेटबँकिंगच्या यादीत चुकून ‘नातेवाइकांचा निर्वाहखर्च’, म्हणजे एस1301, निवडला गेला तर 2025-26 मध्ये 10 लाखांवरच्या रकमेवर टीसीएस 5 ऐवजी 20 टक्के लागत होता. सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाचा. काही शाखा परदेशी पैसे पाठवण्याचा आयकर फॉर्म (2025-26 पर्यंत 15सीए) मागतात, पण व्यक्तीने एलआरएसखाली पाठवलेल्या अशा रकमेला तो लागत नाही.

ठाणे_सीए: आकडे 2025-26 चे देतो. 25 लाखांतले पहिले 10 लाख सोडून उरलेल्या 15 लाखांवर त्या वर्षी 5 टक्के, म्हणजे 75,000 टीसीएस लागत होता. चलन बदलण्यावरचा जीएसटी 1,260 रुपये. हे सगळं रकमेच्या वर, शिवाय बँकेचं कमिशन वेगळं. खात्यात नेमके 25 लाख ठेवलेत तर व्यवहार अडेल आणि ठरलेला डॉलरचा दरही हातचा जाईल. 10 लाखांचा हिशोब पॅनवर चालतो: त्या वर्षात दुसऱ्या बँकेतून पाठवलेले पैसे आणि फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कमही त्यात धरतात.

आता खात्याचं. वडिलांना कर लागत नसेल तर त्यांच्या पॅनवर कापलेला टीसीएस रिटर्न भरल्यावरच परत मिळेल, तोवर अडकून राहील. तुम्ही नोकरीत असाल तर तुमच्या पॅनवर जाऊ द्या. कंपनीला तो टीसीएस कळवलात की ती पगारातला टीडीएस तेवढा कमी करते. दोघांनी किंवा तिघांनी वाटून पाठवलं तरी चालतं, पण प्रत्येकाचा ए2 वेगळा, खातं स्वतःचं आणि नात्याचा पुरावा जवळ. प्रत्येक वेळी पाठवताना बँकेचे पैसे पडतात आणि रुग्णालयाला तीन रकमा जुळवाव्या लागतात, म्हणून प्रत्येकीवर रुग्ण क्रमांक टाकायचाच.

दादर_पूर्व: ए2 वर परदेशी बँकेचे चार्जेस कोण भरणार हे विचारतात, तिथे ‘ओयूआर’ (सगळे चार्जेस आपण भरणार) निवडा. ‘एसएचए’ (चार्जेस वाटून) ठेवलंत तर मधल्या बँका आपला वाटा कापतात, रक्कम कमी पोचते आणि अनामत अपुरी म्हणून दाखल करणं लांबू शकतं.

स्टेशनबाहेरचे फक्त मनी चेंजर असलेले दुकानदार उपचारांसाठी चलन देऊ शकत नाहीत. त्यासाठी बँक किंवा एडी कॅटेगरी 2 हा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला व्यावसायिकच हवा. नोटा प्रवासी एका फेरीला 3,000 डॉलरपर्यंत, बाकी कार्डावर. परत आल्यावर उरलेलं चलन 180 दिवसांत बँकेला द्यायचं, 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं.

तिकडे राहणं लांबलं तर पुढच्या हप्त्यासाठी इथे सही करणारं कोणीतरी हवं. वडिलांच्या खात्यावर तुमचं नाव नसेल, तर निघण्याआधी तेवढं करून घ्या.