मदत हवी आहे: जॉबवर्कचं पेमेंट तीन-साडेतीन महिने अडकतंय, गिऱ्हाईक न तोडता कसं मागायचं?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागमध्ये भाड्याच्या गाळ्यात आमचं छोटं मशीन शॉप आहे, मी आणि मावसभाऊ मिळून चालवतो, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं). कामाची कमी नाही, देवाच्या कृपेनं दोन्ही शिफ्ट चालतात. प्रॉब्लेम पैशाचा आहे. आमचं सत्तर टक्के काम कोल्हापूरकडच्या एकाच कंपनीचं (नाव लिहीत नाही), कास्टिंग (ओतीव भाग) त्यांचं, मशीनिंग आमचं. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पेमेंटला ९० दिवस लिहिलंय आणि हातात पैसे यायला त्याच्याही पुढं जातंय.

आता बघा, चार लाखाचं बिल केलं की त्यावर १८ टक्क्यानं ७२ हजार जीएसटी, तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आम्ही भरून मोकळे, पैसे आले असोत की नसोत. वर पोरांचा पगार, हेस्कॉमचं लाईट बिल, इन्सर्टवाला (कटिंगची पाती विकणारा) तर आता रोख दिल्याशिवाय बॉक्स देत नाही, आणि मशीनचा हप्ता. मधली भोकं बुजवायला सोसायटीतून ओडी (ओव्हरड्राफ्ट) उचललाय, त्याचं व्याज आमच्या मजुरीतूनच जातंय. पगार दोन-चार दिवस लांबला की ऑपरेटर लगेच मच्छेला नाहीतर चाकणला बघतो, आणि त्याला तरी काय बोलणार, त्याच्याही घरी हप्ते आहेतच की.

दुसरं म्हणजे रिजेक्शन. बोअर मारल्यावर आत ब्लोहोल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) निघतो, तो फाउंड्रीचा दोष, पण डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) येते आमच्या नावावर, कास्टिंगच्या किमतीसकट! फोन केला की अकौंट्सवाले म्हणतात परचेसला विचारा, परचेसवाले म्हणतात अकौंट्सला. जोरात बोललं तर काम दुसऱ्याला देतील ही भीती आहे. कुणी यातून गेलंय काय? नेमकं काय करायचं सांगा.

उद्यमबागचा जुना गडी:
अरे बाबा, आधी एक सांग, तुझी बिलं त्यांच्या सिस्टीममध्ये चढली आहेत काय? निम्म्या वेळेला बिल स्टोअरमध्ये पडून असतं, जीआरएन (माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद) झालेली नसते, आणि त्यांचे दिवस तुझ्या बिलाच्या तारखेपासून नाही, जीआरएनपासून चालू होतात. टेम्पोवाल्याला सांगून ठेव, मालाच्या चलनावर गेटचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग एक तक्ता कर, बिल नंबर, चलन नंबर, माल पोचल्याची तारीख, जीआरएनची तारीख, किती दिवस झाले. तो घेऊन स्वतः जा. फोनवर 'नोडोण री' (बघूया हो) म्हणणारा माणूस समोर कागद ठेवला की कॉम्प्युटर उघडतो, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

ब्लोहोलचं म्हणशील तर पीस निघाला की त्याच दिवशी लाल पेंट मारून फोटो काढ, हीट नंबर (कास्टिंग कुठल्या ओतणीतलं ते सांगणारा) दिसला पाहिजे, आणि लगेच मेल. महिन्याअखेर सांगितलेलं कुणी मानत नाही. आणि पीओमध्ये ओळ घालून घे की कास्टिंगच्या दोषाला डेबिट नाही आणि तोपर्यंत झालेल्या ऑपरेशनची मजुरी मिळणार. चालू पार्टला ऐकणार नाहीत कदाचित, पण नवीन पार्टचं सॅम्पल देताना ऐकतात, कारण तेव्हा घाई त्यांना असते.

टिळकवाडीतून, सीए ऑफिसमध्ये काम करते:
दादा, तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आजच करा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटीपर्यंत आणि उलाढाल १० कोटीपर्यंत म्हणजे सूक्ष्म उद्योग, तुम्ही त्यातच बसणार.

छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात पेमेंटला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, लेखी काही नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० छापलं म्हणून ९० होत नाहीत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी यायला पाहिजे, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात, म्हणून दोन महिन्यांनी आलेल्या डेबिट नोटला लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका.

थकबाकीची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असलं तरी ती आपल्या कर्नाटकातल्या कौन्सिलकडं (असे वाद ऐकणारं सरकारी मंडळ) चालते. पण सत्तर टक्के काम ज्याच्याकडून येतं त्याच्यावर लगेच तिथं जा असं मी सांगणार नाही. त्यापेक्षा इन्कमटॅक्सचा नियम कामाला येतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी त्यांना वजा मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळतो. हे २०२३-२४ च्या हिशोबापासून लागू झालंय. म्हणजे ३१ मार्चला तुमची थकबाकी त्यांच्या सीएला खुपते. फेब्रुवारीतच उद्यम सर्टिफिकेट जोडून थकबाकीचा मेल टाका, सरळ साध्या भाषेत, धमकी नको.

निपाणीकर:
कंपनीची उलाढाल २५० कोटीच्या वर असेल तर त्यांना ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलावर आधी पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी तिथं बिल मंजूर केलं की बँक तुम्हाला थोडं व्याज कापून लगेच पैसे देते आणि पुढं कंपनीनं बुडवलं तरी बँक तुमच्या मागं लागत नाही. सोसायटीच्या ओडीपेक्षा स्वस्तच पडेल बहुतेक. आणि नवीन मशीन आत्ता घेऊ नका ओ. आधी होनगा, काकतीकडची दोन-तीन लहान गिऱ्हाइकं धरा, दर थोडा कमी मिळाला तरी चालेल पण महिन्यात पैसे देणारी. एकाच्या जिवावर शॉप असलं की मागायला तोंडच उघडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणी आहे पण बिलावर नंबर नव्हता, आजपासून घातला. बिलं तपासली तर खरंच बऱ्याच बिलांची जीआरएनच झालेली नाही, म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही अजून माल दिलाच नाही! सोमवारी टेम्पोबरोबर मीच जातोय, तक्ता आणि शिक्क्याची चलनं घेऊन. कंपनी २५० कोटीच्या वरची आहे, ट्रेड्सबद्दल थेट फायनान्सवाल्यांनाच विचारतो. पुढच्या महिन्यात हाउसिंग नावाच्या नवीन पार्टचं सॅम्पल द्यायचं आहे, तेव्हाच ४५ दिवस आणि कास्टिंग रिजेक्शनची अट पीओमध्ये घालून मागणार, मावसभावालाही पटलंय. कुणाकडं अशा अटीचा पीओ असेल तर गिऱ्हाइकाचं नाव आणि दर खोडून ती ओळ इथं टाका, शब्द कसे आहेत ते बघायचे आहेत.