दुर्मीळ लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींचा संग्रह : सुरुवात कशी करावी?

अजिंक्यतारा (सातारा) :

नमस्कार. चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत सरकते, अशा एकोणिसाव्या शतकातल्या रायफलींची मला अनेक वर्षांपासून ओढ आहे. आता अशी एखादी अस्सल वस्तू रीतसर मार्गाने आपल्या संग्रही असावी असे मनापासून वाटते. आमच्या घरी आजोबांकडून वारसाहक्काने आलेली एक बारा बोअरची बंदूक माझ्या नावावर परवान्यासह आहे. मध्यंतरी सांगलीतल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने मला एक मार्टिनी-हेन्री, म्हणजे जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, दाखवली. ती चालत नाही, केवळ शोभेची आहे, त्यामुळे परवान्याची आवश्यकता नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कागदपत्रे मात्र कोणतीही नाहीत. ती घ्यावी का? आणि मार्टिनीऐवजी विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या रायफलीचा शोध घेणे अधिक योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दंडोबा (मिरज) :

अजिंक्यताराजी, ती रायफल घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सवलत आहे हे खरे. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी अट त्याच वाक्यात आहे आणि विक्रेते नेमकी तीच अट सांगायचे टाळतात. आतली एखादी कमान तुटली आहे किंवा चाप अडकला आहे, एवढ्यावरून शस्त्र निकामी ठरत नाही, कारण चांगला कारागीर ते पुन्हा चालते करू शकतो. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका संघीय कायद्यानुसार पुरातन मानल्या जातात आणि त्यांवरची बंधने पुष्कळ सैल असतात. तिथली माहिती वाचून आपल्याकडचे अनेक हौशी लोक फसतात.

दुसरा मुद्दा संख्येचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती, आणि वारशाने आलेले शस्त्रही याच मर्यादेत मोजले जाते. म्हणजे आपल्याजवळ आता एकच जागा उरली आहे, ती विचारपूर्वक भरावी. व्यवहार करायचा तो परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा स्वतःच्या परवान्यावर शस्त्र असलेल्या व्यक्तीकडूनच करावा, आणि त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या विभागात जाऊन त्या विशिष्ट शस्त्राविषयी, त्याच्या क्रमांकासह, लेखी विचारणा करावी. तोंडी आश्वासनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

कृष्णाकाठ (सांगली) :

दंडोबांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे, म्हणून कायद्याविषयी पुन्हा लिहीत नाही. विंचेस्टर की मार्टिनी, या प्रश्नावर मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

विंचेस्टर हे नाव मोठे असले, तरी ते प्रत्येक वेळी दुर्मीळ असते असे नाही. १८७३ चे मॉडेल पुढे सुमारे पन्नास वर्षे बनत राहिले आणि त्याच्या सात लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. त्याआधीची १८६० च्या पेटंटची अमेरिकी हेन्री रायफल (ही मार्टिनी-हेन्रीहून वेगळी) मात्र साधारण चौदा हजारच बनली, आणि १८६६ चे पितळी रंगाच्या चौकटीचे मॉडेल या दोहोंच्या मध्ये येते. त्यातही खरी दुर्मिळता मॉडेलपेक्षा त्या एका नगाच्या घडणीत आणि इतिहासात असते : नळीची वेगळी लांबी, कारखान्यातच झालेले कोरीव काम, मूळ रंग किती टिकला आहे आणि सर्व भाग एकाच रायफलीचे आहेत की नाहीत, यांवर संग्राहक मूल्य ठरवतात. अनेक जुन्या विंचेस्टरांच्या क्रमांकावरून कारखान्याच्या नोंदीचे पत्र अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातील कोडी येथल्या संग्रहालयाकडून मिळू शकते, आणि असे पत्र मिळाले तर ते नक्की मिळवावे. १८९५ चे मॉडेल पाहून मोह होईल, कारण त्याचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याने त्याला नळीखालच्या नळकांड्याऐवजी पेटीसारखे मॅगझिन (काडतुसे साठवण्याची जागा) दिले. परंतु त्यातल्या काही रायफली .३०३ बोअरच्या आहेत आणि आपल्याकडे तो बोअर सामान्य परवान्यावर चालत नाही. शिवाय परदेशातून मागवण्याचा मार्ग सर्वसामान्य माणसाला जवळजवळ बंदच आहे, त्यामुळे जे काही मिळेल ते जुन्या शिकारी घराण्यांतूनच मिळेल.

माझे मत विचाराल तर आपल्या भागातल्या माणसाने मार्टिनीचाच अभ्यास करावा. तिच्यात मॅगझिन नाही, एका वेळी एकच काडतूस जाते. लिव्हर खाली केली की आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो आणि नळीचे तोंड उघडे होते. तरीही आपल्या देशाच्या सैनिकी इतिहासाशी तिचा जेवढा संबंध आहे, तेवढा कोणत्याही विंचेस्टरचा नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. १८५७ च्या अनुभवानंतर हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण असल्यामुळे आपल्या सैनिकांच्या हाती ती उशिरा आली आणि १८९७ मध्ये सारागढीच्या चौकीवर शीख सैनिक हीच रायफल घेऊन लढले. साताऱ्यासारख्या सैनिकांच्या जिल्ह्यातल्या संग्राहकाने ही बाजू दुर्लक्षित करू नये असे मला तळमळीने वाटते.

पारख करताना उजव्या बाजूचे छाप नीट पाहावेत. तिथे मुकुट, व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्क (रायफलीच्या आवृत्तीचा क्रमांक) यांची नोंद असते. सरहद्दीवरच्या खैबर भागात हाताने बनवलेल्या नकला अनेक आहेत, आणि त्यांत एन हे अक्षर उलटे कोरलेले असणे किंवा व्ही. आर. खाली १९०१ नंतरचे वर्ष असणे, अशा चुका हमखास सापडतात, कारण राणीचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले. अस्सल नळीत बंदूककार अलेक्झांडर हेन्रीच्या पद्धतीच्या सात खाचा असतात. स्क्रूच्या माथ्यावरची खाच फाटलेली असेल, तर ती रायफल कोणीतरी अनाडीपणाने उघडली आहे असे समजावे.

अजिंक्यतारा (सातारा) :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. त्या विक्रेत्यांना मी नकार कळवला आहे. उद्या रीतसर व्यवहारात एखादी रायफल मिळालीच, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ती सांभाळायची कशी, तेवढे कृपया कोणीतरी सांगावे. दस्ता आणि धातू पॉलिश करून घ्यावेत का?

यवतेश्वर (सातारा) :

पॉलिश कदापि करू नये. शंभर-सव्वाशे वर्षांत धातूवर चढलेला तपकिरी थर हाच तिचा पुरावा असतो, आणि बफ मारून चकचकीत केलेल्या रायफलीवरचे छाप पुसट होऊन तिची किंमत आणि ओळख दोन्ही जातात. लाल भुकटी सुटणारा गंज आढळला, तर तेवढ्याच जागी तेल मुरू द्यावे आणि मऊ कापडाने पुसून घ्यावे. बंदुकीच्या काळ्या दारूचा जुना साका नळीत राहिला असेल तर तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी आतून खातो, म्हणून आधी नळी तपासून घ्यावी. अर्थात ती रिकामी आहे याची खात्री करूनच.

चामड्याच्या किंवा लोकरीच्या म्यानात रायफल कायमची ठेवू नये. अशा म्यानात ओलावा धरला जातो आणि चामड्यातल्या आम्लाचे डाग धातूवर उमटतात. जून ते सप्टेंबर या काळात कुलूपबंद लाकडी कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, त्या ठराविक काळाने वाळवून पुन्हा वापराव्यात, धातूवर पातळ तेलाचा हलका हात फिरवावा आणि अक्रोडाच्या दस्त्याला अगदी थोडे जवसाचे तेल लावावे. सांगलीकरांनी कपाट वरच्या मजल्यावर ठेवावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यांवरच्या जुन्या वस्तूंची काय अवस्था झाली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. रायफलीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून परवान्याच्या प्रतीसोबत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावीत.