परसदारी बाग करण्याआधी लँडस्केप आर्किटेक्टकडून आराखडा करून घ्यावा का?

प्रश्न – घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही घोडबंदर रस्त्यालगतच्या एका रो-हाउसमध्ये राहायला आलो. घराच्या मागे तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद मोकळी जागा आहे. बिल्डरने तिथे मुरूम टाकून सपाट करून दिले आहे, त्यापलीकडे काहीही केलेले नाही. कोपऱ्यात रायवळ आंब्याचे जुने झाड आहे आणि बांधकामातून ते वाचले याचा आम्हा सर्वांना फार आनंद आहे. बसण्यापुरती फरसबंदी, थोडी हिरवळ, सासूबाईंसाठी भाजीचे वाफे आणि मुलीसाठी झोका एवढेच आमच्या मनात आहे.

एका कंत्राटदाराने जागा पाहून ४,१०,००० रुपयांचा अंदाज दिला असून पंधरा दिवसांत काम पुरे करून देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरीकडे, मैत्रिणीने सुचवलेल्या लँडस्केप आर्किटेक्टने (बागेची आणि मोकळ्या जागेची आखणी करणाऱ्या तज्ज्ञाने) नुसत्या आराखड्याचे ४५,००० रुपये सांगितले आणि त्यासाठी महिना-दीड महिना लागेल असेही सांगितले. माझ्या पतींचे म्हणणे असे की साडेपाचशे चौरस फुटांच्या जागेसाठी कागदावर इतके पैसे घालण्यापेक्षा तेवढ्यात चांगली झाडे आणि बाक येतील. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, पण कंत्राटदाराने मोजपट्टी न लावता अंदाज दिला ही गोष्टही मनातून जात नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ – नेरूळ_सेक्टर (नवी मुंबई)

आम्ही आराखड्याशिवाय काम केले, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या रो-हाउसच्या मागे जुनी शहाबादी फरशी होती. ती उखडण्याचा खर्च वाचवावा म्हणून कंत्राटदाराने तिच्यावरच वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले आणि कंपाउंड वॉलला लागून लाल माती चढवून हिरवळ केली. मार्चमध्ये काम संपले तेव्हा जागा अतिशय सुरेख दिसत होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि पाणी भिंतीकडे जाण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराकडे येऊ लागले, कारण ब्लॉकमुळे जमीन चार इंच वर आली होती, हिरवळ त्याहून उंच होती आणि ढाळ कुठे काढायचा याचा विचार कोणीच केलेला नव्हता. गवंड्याने तो नजरेने काढला होता.

यापेक्षा मोठी अडचण जुलैमध्ये कळली. मोरीचे पाणी तुंबले, प्लंबर आला, त्याने चेंबर (सांडपाण्याच्या पाइपांचा जमिनीतला झाकणाचा हौद) कुठे आहे असे विचारले आणि आमच्यापैकी कोणालाही ते सांगता येईना. चेंबरचे झाकण ब्लॉकखाली गेले होते. भर पावसात छत्री धरून आम्ही एकेक ब्लॉक उचलत होतो. सतरावा ब्लॉक उचलल्यावर लोखंडी कडी हाताला लागली. त्यानंतर स्वयंपाकघराच्या भिंतीला फूटभर उंचीपर्यंत ओल आली, रंगाचे पापुद्रे सुटले आणि त्याखाली पांढरा क्षार दिसू लागला. दुरुस्तीला मूळ खर्चाच्या निम्म्याहून अधिक पैसे लागले, आणि आज तिथे पुन्हा साधी फरशी आहे.

तुमच्या कंत्राटदाराला एकच विचारून पाहा: पावसाचे पाणी कुठून कुठे जाणार, आणि तयार जमीन घराच्या जोत्यापासून किती खाली राहणार? त्याने आकड्यात उत्तर दिले नाही, तर काम सुरू करू नका.

उत्तर २ – भूदृश्य_रचनाकार (ठाणे)

मी या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे असे समजूनच पुढचे वाचावे. पाच वर्षांच्या वास्तुकलेच्या पदवीनंतर लँडस्केप आर्किटेक्चरचा जो दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यात झाडांच्या नावांइतकाच वेळ पाणी, माती आणि जमिनीच्या पातळ्या यांवर जातो. लोकांना मात्र आराखडा म्हणजे झाडे कुठे लावायची याचे रंगीत चित्र वाटते.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. तुमची जागा सुमारे ५० चौरस मीटर आहे. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. तेवढ्या पावसात नुसत्या या जागेवर ५,००० लिटर पाणी पडते. गच्चीचे पाणी खाली आणणारे डाऊनटेक पाईप मागे उतरत असतील आणि गच्ची ६५ चौरस मीटरची असेल, तर त्यात आणखी ६,५०० लिटरची भर पडते. म्हणजे सोसायटीत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त पाणी एका दिवसात तुमच्या परसदारी येते. ते कुठे मुरवायचे, कुठे वाहून न्यायचे आणि जाळी कोणत्या ठिकाणी बसवायची, हे फरशी बसल्यावर ठरवता येत नाही.

याचे गणित अवघड नाही, फक्त ते आधी करावे लागते. अठरा फुटांवर शंभरास एक असा ढाळ द्यायचा, तर घराच्या बाजूपेक्षा भिंतीची बाजू दोन इंचांहून थोडी अधिक खाली हवी. फरसबंदीची तयार पातळी जोत्यापासून निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर नेरूळच्या सदस्यांच्या घरी झाले तेच होते. आराखड्याच्या पहिल्या पानावर प्रत्येक कोपऱ्याची पातळी आकड्यात लिहिलेली असते. गवंडी लेव्हल ट्यूब (पातळी जुळवण्याची पाणी भरलेली नळी) लावून ती जशीच्या तशी जागेवर उतरवू शकतो. तुमच्याकडचे गवंडी कामात कुशल असतात. त्यांना आकडा कोणी देत नाही, एवढीच उणीव असते.

दुसरी गोष्ट उन्हाची. तुमची जागा घराच्या कोणत्या दिशेला आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती उत्तरेला असेल तर डिसेंबरात भर दुपारी सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, आणि सात मीटर उंचीच्या दुमजली घराची सावली साडेसहा मीटरपर्यंत, म्हणजे एकवीस फूट पडते. तुमची रुंदी अठरा फूट आहे. मेक्सिकन लॉन या हिरवळीच्या गवताला निदान पाच-सहा तासांचे ऊन लागते. तिथे ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मिळणार नाही. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्याच जागेवर मे महिन्यात कडक ऊन येते. हिरवळ आणि भाजीचे वाफे कुठे जगतील, हे आवडीपेक्षा या सावलीवर अवलंबून आहे.

तिसरी गोष्ट तुमचा आंबा, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. सिमेंटच्या पायासाठी फूटभर खणले, मुळे तोडली, किंवा वाफे उंच करताना बुंध्याभोवती माती चढवली, तर झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांत शेंडे वाळू लागतात आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड तोडणे या शब्दांत त्याला इजा करणेही येते. झाड वा त्याची मोठी फांदी आड येत असेल, तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि कंत्राटदार सहसा हे सांगत नाहीत.

बाकी गोष्टी लहान आहेत. नळाची आणि दिव्यांची लाइन फरसबंदीखालून न्यायची असल्यास दोन रिकामे पीव्हीसी पाईप आधीच पुरून ठेवावेत. पुढे काहीही वाढवायचे झाले तरी फरशी फोडावी लागत नाही.

उत्तर ३ – बेलापूरची_लेक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी खर्चाची बाजूही सांगावीशी वाटते, कारण पंचेचाळीस हजार ही कोणत्याही मध्यमवर्गीय घराला लहान रक्कम नाही.

मी लहानाची मोठी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये झाले. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी ती वसाहत आखली, तेव्हा सात-सात घरे सुमारे आठ मीटर लांब-रुंद अशा सामायिक अंगणाभोवती मांडली. नंतर लोकांनी घरे हवी तशी वाढवली, काहींनी पूर्ण पाडून नवी बांधली, पण ती अंगणे ओळखू येतात, कारण मोकळ्या जागेचा विचार भिंतींच्या बरोबरीने झाला होता. तुमच्या घराबाबत बिल्डरने तो केलेला नाही, म्हणून तो आता तुम्हाला करावा लागत आहे.

परंतु पूर्ण आराखडाच घ्यावा असे नाही. माझ्या भावाने खारघरला एक प्रत्यक्ष भेट, पातळ्यांचा नकाशा, पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा आणि झाडांची यादी एवढेच मागितले आणि देखरेख स्वतः केली. शुल्क बरेच कमी झाले. पैसे देण्यापूर्वी कोणकोणते नकाशे मिळणार, हे लेखी घ्या. जो स्वतः झाडे आणि फरशी विकतो, त्याच्याकडचा फुकट आराखडा घेऊ नका. त्याच्या नर्सरीत फॉक्सटेल पाम पडून असतील तर आराखड्यातही तेच येतील.

आणखी एक. आमच्याकडे आराखड्यासाठी आलेल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की पावसाळ्यात धुणे कुठे वाळत घालता? वॉशिंग मशिन, दोरी, भांड्यांची मोरी, गॅसचे सिलिंडर आणि तुळस यांच्या जागा आधी ठरल्या, मग फुलझाडांचा विषय निघाला. कंत्राटदाराने हे विचारले होते का?

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. कंत्राटदाराने असे काहीही विचारले नव्हते. आमची जागा उत्तरेलाच आहे, आणि गच्चीचे दोन्ही पाईप मागेच उतरतात.

उत्तरे वाचून, जमिनीत पाणी किती जिरते ते पाहायला काल आम्ही दोघांनी फूटभर खोल खड्डा खणला, पाणी भरून जिरू दिले आणि पुन्हा भरले. खणताना मुरुमाखाली विटांचे तुकडे, सिमेंटची दगडासारखी घट्ट झालेली पोती आणि टाइलच्या कपच्या निघाल्या. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तीन तासांत जेमतेम दोन इंच उतरले. पतींनी स्वतः पट्टी धरून ते मोजले आणि आराखड्याला होकार दिला. बेलापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मर्यादित काम मागितले आहे. हिरवळीचा हट्ट सोडला; वाफे पूर्वेच्या टोकाला जातील.

एक शंका राहिली. झोका आंब्याच्या फांदीला बांधला तर चालेल का?

भूदृश्य_रचनाकार

तासाला इंचाहून कमी पाणी जिरते म्हणजे निचरा कमकुवत आहे. निघालेला राडारोडा वाफ्यांच्या जागेतून दीड फुटापर्यंत काढून टाका आणि शेणखत मिसळलेली माती भरा, पण आंब्याच्या फांद्यांखाली फावडे लावू नका. तिथले आहे तसेच राहू द्या.

फांदीला दोरी बांधू नये, ती सालीत रुतते. स्वतंत्र लोखंडी चौकट घ्या आणि तिच्या खांबांचे खड्डे मुळांपासून दूर कुठे येतील, ते आराखड्यात दाखवायला सांगा. काम चालू असताना वाळू, खडी आणि सिमेंटच्या गोण्या झाडाखाली सावली आहे म्हणून तिथेच रचल्या जातात. पहिल्याच दिवशी फांद्यांच्या घेराभोवती बांबू रोवून दोरी बांधून घ्या. फरसबंदी मेच्या मध्यापर्यंत संपवा आणि रोपे जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा.