ह्यूस्टनहून कॅलिफोर्नियात कुंड्या न्यायच्या आहेत. कढीपत्ता नेता येईल का?

ह्यूस्टनकर
पुढच्या महिन्यात ह्यूस्टनहून फ्रीमाँटला बिऱ्हाड हलवतोय. गाडीने आय-10 वरून जाणार. सोबत पाच कुंड्या आहेत: पाच फुटी कढीपत्ता, बेलाचं छोटं रोप, मोगरा, तुळस आणि मनी प्लांट. पहिल्या तीन अंगणात असतात, बाकीच्या दोन कायम घरातच. पानं धुऊन आणि माती बदलून कढीपत्ता नेला तर चालेल का? की कुरिअरने पाठवू?

नवती
कढीपत्ता आणि बेल तिथेच कोणाला तरी देऊन टाका. दोन्ही लिंबाच्या कुळातली झाडं, आणि या कुळाची रोपं बाहेरच्या राज्यातून आणायला कॅलिफोर्निया विशेष परवान्याशिवाय मनाई करतं. कुंतीलाही (पांढऱ्या सुवासिक फुलांचं शोभेचं झुडूप) तेच लागू.

कारण आहे सिट्रस सायला. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना ही कीड चांगली माहीत आहे. ती ग्रीनिंग रोगाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि रोग लागलेल्या झाडाला इलाज नाही. टेक्सासमध्ये सायला 2001 साली सापडली, ग्रीनिंग 2012 साली. कॅलिफोर्नियातही 2012 मध्येच लॉस एंजेलिस काउंटीत रोगट झाड सापडलं.

कढीपत्ता स्वतः ग्रीनिंगने मरत नाही, म्हणूनच तो फसवा. सायला अंडी घालते फक्त कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, आणि कढीपत्त्याला नवती सारखी फुटत असते. अंडं जेमतेम 0.3 मिमीचं, मिटलेल्या पानांच्या बेचक्यात. ते पाण्याने धुऊन जात नाही, डोळ्यांना सहज दिसतही नाही. माती बदलण्याचा तर इथे काही संबंधच नाही, कीड शेंड्यावर असते. तोडलेली ताजी पानं कूलरमधून नेणंही याच नियमात येतं.

कुंडी_आणि_माती
मोगऱ्याची अडचण वेगळी आहे, ती मुळाशी. टेक्सासमधल्या मातीत रेनिफॉर्म सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म जंत) आणि लाल आगमुंग्या असतात. सूत्रकृमीची मादी तोंड मुळात खुपसून बसते, त्यामुळे माती झटकून नवी भरली तरी ती रोपासोबत जाते. अंगणातल्या रोपाला टेक्सासच्या कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागेल. एका मोगऱ्यासाठी एवढी खटपट करावी असं मला वाटत नाही.

तुळस आणि मनी प्लांट घरातच वाढलेले, विकत आणलेल्या पॉटिंग मिक्समध्ये असतील तर तपासणी करून सहसा सोडतात. निघण्याच्या दोन आठवडे आधी पानांच्या मागची बाजू पाहा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर ती कुंडी नेऊ नका. कुंडीच्या तळाची भोकंही बघा, मुंग्या तिथेच घर करतात. कुंड्या ट्रकमध्ये खाली दाबून न टाकता गाडीत हाताशी ठेवा.

आय-10 वर ब्लाइथला तपासणी नाका आहे. विचारतील तेव्हा सगळं सांगा, फळंसुद्धा. रोप नाकारलं तर ते राज्याबाहेर परत न्यायचं किंवा नष्ट करू द्यायचं, खर्च तुमचा.

कुरिअर ही पळवाट नाही. पार्सलवर आत काय आहे आणि ते कुठून आलं हे लिहावं लागतं, काउंटीचे कृषी निरीक्षक पार्सलं तपासतात आणि वासावर झाडं ओळखणारे कुत्रेही त्यांच्याकडे असतात.

ह्यूस्टनकर
कळलं, तिन्ही इथेच देतो. मग कढीपत्ता तिकडे घ्यायचा कुठून?

नवती
परवानाधारक नर्सरीतून, लेबलसकट. लेबल काढून टाकू नका. राज्याच्या आतही सायलाचे क्वारंटाइन पट्टे आहेत, तिथून रोप बाहेर हलवता येत नाही. म्हणून लॉस एंजेलिसच्या नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी त्यांच्या अंगणातलं पिल्लू आणू नका. राज्याच्या कृषी खात्याच्या नकाशावर आधी पत्ता टाकून पाहा.

लावल्यावर दर महिन्याला नवती तपासा. प्रौढ सायला 3 ते 4 मिमीची, तपकिरी, शेपटीकडची बाजू 45 अंशात वर करून बसते. पिल्लं पिवळसर, त्यांच्या अंगातून पांढरे मेणाचे वळलेले धागे निघतात. असं काही दिसलं तर फांदी छाटून कुठे नेऊ नका, फोटो काढा आणि काउंटीच्या कृषी कार्यालयाला कळवा.