मोठ्या पडद्याचा टीव्ही, मध्यम बजेट आणि गोव्याची हवा : अनुभव धागा

चवथ (गणेशचतुर्थी) महिन्यावर आली की प्रत्येक वाड्यावर एकच चर्चा : ५५ इंची घ्यावा की ६५? बजेट बहुतेकांचं ४० ते ७५ हजारांच्या मध्ये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या व्हिडिओंमधल्या किमती धरून हिशेब करू नका. जाणकारांनी इथे लिहावं. ‘मस्त आहे, डोळे झाकून घ्या’ असले प्रतिसाद नकोत. मोजमाप द्या, कारण द्या, काय बिघडतं आणि का ते लिहा. आणि कृपया दुकानांची उणीदुणी नकोत.

तिठा, फोंडा

सुरुवात टेपने करा, जाहिरातीने नव्हे. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६८ सेंमी उंच, ६५ इंची १४४ बाय ८१. कडेची पट्टी धरून एखाद सेंमी वाढवा. सोफ्यावर पाठ टेकून बसल्यावर डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. ४के (२१६० ओळींच्या) चित्रासाठी ते कर्णाच्या सव्वा ते दीडपट असलं की पुरे. म्हणजे ५५ साठी साधारण साडेपाच ते सात फूट, ६५ साठी साडेसहा ते साडेआठ. दहा फुटांवरून ४३ इंची ४के बघण्यात ४केचे पैसे वाया जातात, डोळ्याला फरक दिसतच नाही.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. आता बहुतेक टीव्हींना मध्ये एक स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात. ५५ इंचीत त्या पायांमधलं अंतर कधीकधी मीटरहून जास्त भरतं. जुनं शोकेस ३२ इंचीच्या मापाचं, टीव्ही येतो आणि एक पाय हवेत. उत्पादनाच्या पानावर पायांमधलं अंतर दिलेलं असतं, ते बघूनच पैसे भरा.

आणि माटोळी (गणपतीवरची फळं-पानांची सजावट) ज्या खोलीत बांधता त्याच भिंतीवर टीव्ही ठोकायचा विचार असेल तर आधी घरातल्या मोठ्यांशी बोला. दीड दिवस असो वा पाच, गणपतीच्या जागेसाठी टीव्ही हलवावा लागणार असेल तर पायांवरच ठेवा.

मांडवीकाठ, पणजी

पैसे जातात ते पॅनेल आणि मागच्या प्रकाशात, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर.

‘क्यूएलईडी’ लिहिलेला टीव्ही हाही एलसीडीच. मागच्या प्रकाशापुढे क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग गडद आणि शुद्ध होतात. काळा रंग किती काळा दिसेल याच्याशी त्या नावाचा संबंध नाही. तो ठरतो दोन गोष्टींवर.

पहिली, पॅनेलचा प्रकार. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३००० ते ५००० ला १, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याने व्हीए घ्यावं. पण व्हीएकडे बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. वसरी (ओसरी) लांबट असेल आणि निम्मी माणसं कोपऱ्यातल्या खुर्च्यांवरून बघत असतील तर आयपीएस परवडतं. दुकानात पडद्यासमोरून सरकत ४५ अंशांपर्यंत जा. माणसांचे चेहरे पांढुरके होत गेले तर ते बहुधा व्हीए.

दुसरी, लोकल डिमिंग. मागचे एलईडी वेगवेगळ्या झोनमध्ये स्वतंत्रपणे मंद होतात का? स्वस्त ५५ इंचीत डिमिंग नसतं, किंवा नावापुरतं असतं. फुल अॅरे (पूर्ण पडद्यामागे एलईडी) किंवा मिनी एलईडी (तेच, पण बारीक आणि जास्त) असेल आणि झोनची संख्या कंपनी स्वतः छापत असेल तर ऐका. ‘मायक्रो डिमिंग’ असं काही लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा फक्त सॉफ्टवेअर असतं.

एचडीआरचंही (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) तसंच. खोक्यावरचा एचडीआर१० चा शिक्का एवढंच सांगतो की टीव्हीला तो सिग्नल समजतो. ३०० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडद्यावर एचडीआर सिनेमा कित्येकदा नेहमीपेक्षा काळपट दिसतो. ६०० निट्सच्या पुढे त्याला अर्थ येतो. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) हवं असेल तर सॅमसंग बाद, ते एचडीआर१०+ वापरतात. पण त्या एका गोष्टीवर ब्रँड ठरवू नका, निट्स आणि झोन आधी.

माझं मत स्पष्ट आहे : ६० हजारांत डिमिंग नसलेला ६५ इंची आणि चांगला मिनी एलईडी ५५ इंची समोर असतील तर ५५ घ्यावा.

रापण, वास्को

मांडवीकाठ यांच्याशी अर्धाच सहमत. ६५ इंचीचं क्षेत्रफळ ५५ पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. दिवसा खिडक्या-दारं उघडी ठेवून फुटबॉल बघणाऱ्या घरात काळा किती काळा याला कोण विचारतो? तिथे उजेड आणि आकार जिंकतो. झोनचं कौतुक रात्रीच्या सिनेमाला.

फुटबॉलसाठी दोन गोष्टी तपासा. एक, पडद्याचा एकसारखेपणा. यूट्यूबवर करड्या रंगाचं पूर्ण पडदाभर चित्र लावा. उभे पट्टे किंवा मळकट डाग दिसले तर हिरव्या मैदानावर कॅमेरा सरकला की तेच डाग सतत खुपणार. दोन, रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं (हर्ट्झ). ‘मोशन रेट १२०’, ‘क्लॅरिटी २४०’ हे आकडे पॅनेलचे नव्हेत. नेमकं विचारा, ‘नेटिव्ह पॅनेल किती हर्ट्झ?’ उत्तर ६० आलं तर ६०. काही मॉडेलांवर ‘१२० हर्ट्झ डीएलजी’ असतं, त्यात १२० ला जाताना उभी रेझोल्यूशन निम्मी होते. प्लेस्टेशन जोडणाऱ्या पोरांनी हे मुद्दाम वाचावं. एचडीएमआय २.१ छापलं म्हणजे १२० हर्ट्झ मिळालं असं नाही.

केबलवर किंवा फ्री डिशवर एसडी (कमी स्पष्टतेचे) चॅनेल बघत असाल तर मोठा पडदा ही शिक्षा आहे. ५७६ ओळींचं चित्र २१६० ओळींवर ताणायचं म्हणजे चेहरे मेणासारखे होतात. डेमोच्या ४के व्हिडिओवर भाळू नका. दुकानदाराला तुमचं रोजचं चॅनेल लावायला सांगा.

चिरेखाण, डिचोली

भिंतीबद्दल अजून कुणी बोललं नाही आणि गोव्यात निम्मा घोळ तिथेच.

सिमेंट काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये कंपनीचा माणूस १० मिमीचा प्लग ठोकून पंधरा मिनिटांत निघून जातो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत तेच केलं तर भोक रुंदावतं, चिरा भुसभुशीत आणि सच्छिद्र, प्लग फिरत राहतो. जुन्या घरात सांधे मातीचे असतात, त्यात तर काहीच धरत नाही.

रीत अशी. गिलाव्यावर टकटक करून पोकळ आवाज येतो का बघा, तसा भाग सोडा. भोक सांध्यात नको, चिऱ्याच्या मध्यावर. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून फक्त फिरवून भोक पाडा, शेवटी फुंकून धूळ काढा. गिलाव्याची जाडी १५ ते २० मिमी असते आणि ती ताकदीत धरायची नाही, म्हणून प्लग ८० ते १०० मिमी लांब हवा. त्याहून पक्कं काम म्हणजे जाळीच्या नळीतला केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारा मसाला) आणि ८ मिमीचा रॉड. मसाला पूर्ण घट्ट झाल्याशिवाय ब्रॅकेट चढवायचा नाही, वेळ ट्यूबवर छापलेली असते.

तिसरा उपाय सुतारांचा आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा. १८ मिमी मरीन प्लायची चार फूट बाय दीड फुटाची फळी आठ-दहा ठिकाणी भिंतीला आवळा आणि टीव्हीचा ब्रॅकेट त्या फळीवर लावा. भार वाटला जातो, एखादा प्लग सैल झाला तरी टीव्ही खाली येत नाही. ५५ इंचीचं वजन १२ ते १७ किलो, ६५ चं २० च्या आसपास, म्हणजे सरळ ब्रॅकेटला अवघड काहीच नाही. बाहेर ओढायचा हात असलेला ब्रॅकेट चिऱ्यावर लावूच नका. हात बाहेर आला की वरच्या प्लगवर ओढ कैक पटींनी वाढते.

टीव्हीच्या पाठच्या बोल्टचं मापही बघा. मापापेक्षा लांब बोल्ट आवळला तर तो आतून पॅनेलला भिडतो, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर ठेवा, हॉटेलासारखा छताजवळ नको.

व्हाळ, वाळपई

मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, टीव्ही जातात ते यात. वीज थेट घरावर पडायची गरज नसते. डिशची किंवा केबलची वायर सेट-टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआय, आणि एचडीएमआयचं पोर्ट थेट मेन बोर्डवर. म्हणून पहिलं मरतं ते पोर्ट. गडगडाट सुरू झाला की रिमोटने बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची वायर काढा, लॅन केबल काढा. फायबर स्वतः वीज वाहत नाही, पण फायबरच्या डब्याला अडॅप्टर असतो आणि त्यातून लॅन केबल टीव्हीला गेलेली असते, ती वाट उरतेच.

स्टॅबिलायझरची गरज बहुधा नाही. आताच्या टीव्हीचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो. खरा धोका वरच्या बाजूचा. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी ठरावीक व्होल्टेजच्या वर आणि खाली सप्लाय तोडणारा, थोड्या मिनिटांनी परत जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. स्पाइक गार्ड वेगळा. त्यातला घटक प्रत्येक झटक्याने झिजतो. त्यावरचा ‘प्रोटेक्टेड’चा दिवा गेला म्हणजे तो आता साधा एक्स्टेन्शन बोर्ड. आणि अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग अर्धाही नाही.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. ५५ इंची सरासरी १२० वॉट धरला तर रोज पाच तासांना ०.६ युनिट, महिन्याला १८.

दर्यावेळ, काणकोण

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी. खारी हवा पोर्टच्या पत्र्यावर आणि आतल्या रिबन केबलच्या टोकांवर हिरवट गंज चढवते. लक्षण असं : चित्र मधूनच जातं, उभी रेघ येते, टीव्ही तापला की परत ठीक होतं. पावसाळ्यात रोज अर्धा-एक तास टीव्ही चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा जातो. कुलूपबंद घरात चार महिने तसाच ठेवायचा असेल तर प्लग काढून, सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या मागे ठेवून, सुती चादर टाका. प्लास्टिकचं आवरण नको, आत घाम धरतं. पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल येते, टीव्ही आतल्या भिंतीवर लावा किंवा मागे पाच सेंमी फट ठेवा.

पावसाळी किडे ही वेगळीच डोकेदुखी. संध्याकाळी खोलीत फक्त टीव्हीचा उजेड असला की बारीक किडे कडेच्या फटीतून पॅनेलच्या थरांमध्ये शिरतात आणि तिथेच मरतात. बाहेरून पुसून जात नाहीत, दाबलं तर चिरडून कायमचा डाग पडतो. जिवंत किडा दिसला तर टीव्ही बंद करून दुसरीकडे दिवा लावा, बहुतेक वेळा आपणहून निघतो. खिडक्यांना बारीक जाळी हा खरा इलाज.

पडदा पुसायला काच पुसायचा स्प्रे वापरू नका, वरचा लेप जातो. मिठाची पुटं असतील तर कोरडं घासूही नका, चरे पडतात. फिल्टरच्या पाण्यात मायक्रोफायबर ओलसर करून हलकेच, मग कोरड्या फडक्याने.

पोरसू, म्हापसा

थोडक्यात. रॅम २ जीबी असेल तर गुगल टीव्ही वर्ष-दोन वर्षांत रखडायला लागतो. त्यापायी टीव्ही बदलू नका, स्ट्रीमिंग स्टिक लावा. नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्याला १५ एमबीपीएस लागतात. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, पण त्याला तेवढं भरपूर. दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ वायफाय पोचत नाही, तिथे केबल ओढणंच बरं.

आवाज : कौलारू, उंच छताच्या खोलीत २० वॉटचे खाली तोंड केलेले स्पीकर हरवतात. साउंडबार जोडताना एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारं एचडीएमआय) लिहिलेल्या पोर्टलाच जोडा. ऑप्टिकल केबलने अॅटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंचा आवाज) जात नाही.

सांगे रोड, कुडचडे

पैसे भरण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून तुमचा ४०३ ने सुरू होणारा पिनकोड सांगा आणि विचारा, तंत्रज्ञ गोव्यातलाच का? पॅनेल कुठून येतं आणि किती दिवसांत? ऑनलाइनच्या स्वस्त ब्रँडांचा खरा खर्च इथे कळतो. वाढीव वॉरंटी घ्यायची तर त्यात पॅनेल धरलेलं आहे हे लेखी बघा. टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा भाग तोच.

खोका उभाच आणायचा. पिकअपमध्ये आडवा टाकला तर घाटाच्या वळणांवर पॅनेल मधून चिरतं. खोकं फोडताना व्हिडिओ करा, मागच्या स्टिकरवरचा क्रमांक बिलाशी जुळवा, उत्पादनाचा महिना वाचा. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा पूर्ण पडदा लावून ठिपके बघा. काळ्यावर बघताना खोली अंधारी करा, कोपऱ्यातून पांढरट उजेड फुटतो का ते कळतं. हे परत देण्याच्या मुदतीतच उरका.

तिठा, फोंडा

@चिरेखाण, प्लायच्या फळीला मागून वाळवी लागली तर?

चिरेखाण, डिचोली

वाळवीविरोधी प्रक्रिया केलेली मरीन प्लायच घ्यायची. कापलेल्या चारही कडांना प्रायमर, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही कडेनेच शिरतात. फळी आणि भिंतीत वॉशर घालून पाच-सात मिमी फट सोडा, आणि पावसाळ्याआधी एकदा टॉर्च मारून मागे मातीची रेघ दिसते का बघा. दिसली तर टीव्ही उतरवून ठेवा, फळी नवी, आणि भिंतीला औषध मारून घ्या.