टेलगेट: मॅचआधीचं पार्किंग आणि आपली माणसं (अनुभव धागा)

सप्टेंबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळींच्या दोन याद्या सुरू होतात, एक गणपतीच्या प्रसादाची आणि दुसरी टेलगेटला, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये जमून होणाऱ्या खाण्यापिण्याला, कोण काय आणणार याची. अमेरिकन फुटबॉलची मॅच दुपारी एकची असली तरी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटलेल्या असतात. पिकअपचं मागचं फळकं खाली पाडायचं, त्यावर खाणं मांडायचं, शेजारी ग्रिल, तंबू, घडीच्या खुर्च्या. मग ओळखीचे-अनोळखी सगळे एकमेकांच्या ताटात. कॉलेज फुटबॉलची पहिली मॅच 1869 साली आमच्या जवळच, न्यू ब्रन्सविकला, रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाली. आता रटगर्सचं स्टेडियम नदीपलीकडे पिस्कॅटवेला आहे, म्हणजे एडिसनच्या मराठी वस्तीच्या अगदी हाकेवर.

खेळ समजायला दोन-तीन सीझन जातात, टेलगेट पहिल्याच दिवशी समजतं, असं माझं ठाम मत आहे. ऑफिसात ज्यांच्याशी नुसतं हाय-हॅलो होतं तेच लोक इथे खुर्ची पुढे करून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारतात. म्हणून हा धागा. कोण जिंकलं ते नाही लिहिलंत तरी चालेल. पार्किंगमध्ये काय घडलं, काय खाल्लं, कोण भेटलं ते लिहा. खाली गावोगावच्या मंडळींचे अनुभव, त्यांच्याच शब्दांत.

ग्रीन बे, विस्कॉन्सिन

आमचं लॅम्बो फील्ड वस्तीच्या मधोमध आहे. 1957 सालचं स्टेडियम, आजूबाजूला बैठी घरं. मॅचच्या दिवशी ही घरमालक मंडळी आपलं अंगण पैसे घेऊन पार्किंगला देतात. आम्ही वर्षानुवर्षं एकाच आजोबा-आजींच्या अंगणात गाडी लावतो. आजोबा ब्रॅटवुर्स्ट (जर्मन पद्धतीचं सॉसेज) आधी बिअर आणि कांद्यात उकळून घेतात आणि मग कोळशावर भाजतात. थेट ग्रिलवर टाकलं की साल फुटते आणि रस निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. माझी बायको शाकाहारी आहे हे कळल्यावर आजींनी तिच्यासाठी वेगळा तवा आणला आणि त्याला दुसरं काही लागू दिलं नाही. तिचं थालीपीठ त्या तव्यावर झालं, आजोबांनी त्यावर चेडर चीज ठेवून खाल्लं आणि पुढच्या खेपेला स्वतःहून मागितलं.

पॅकर्स हा आमचा संघ कुणा धनाढ्याचा नाही, लाखो सामान्य भागधारकांचा आहे. शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही, तरी लोक सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतात. सीझन तिकिटं 1960 पासून संपलेलीच आहेत. तिकिटं घराण्यात चालत येतात आणि प्रतीक्षायादीत मूल जन्मलं की त्याचं नाव घालतात. असं नातं असल्यावर थंडीचं काय! डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर एक सांगतो, पुठ्ठ्याचे खोके मोडून आणा आणि त्यावर उभे राहा. जाड मोजे घातले तरी सिमेंटची थंडी बुटातून वर चढते, पुठ्ठा ती अडवतो. हे मला आजोबांनीच शिकवलं.

बॅटन रूज, लुइझियाना

मी टेक्सासमध्ये शिकायला होते. आमच्या कॉलेजची मॅच लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या टायगर स्टेडियमला होती, म्हणून मैत्रिणींबरोबर गेले. आम्ही पाहुण्या संघाच्या रंगाचे टीशर्ट घालून चाललो होतो आणि दोन्ही बाजूंनी लोक "टायगर बेट! टायगर बेट!" म्हणून ओरडत होते, म्हणजे वाघाचं खाद्य. मी खरंच घाबरले. तेवढ्यात ओरडणाऱ्यांतल्याच एका काकांनी विचारलं, "जेवलीस का?"

त्यांच्यापुढे गॅसच्या मोठ्या शेगडीवर काळंकुळकुळीत बिडाचं भांडं होतं, आपल्याकडे लग्नात मसालेभाताला असतं तेवढं. त्यात जांबालाया, म्हणजे मांस घातलेला तिथला भात. आधी मांस आणि सॉसेज इतकं परतलं होतं की बुडाला तपकिरी खरवड धरली होती. मग कांदा, भोपळी मिरची आणि सेलरी घालून वल्ह्यासारख्या लांब लाकडी उलथन्याने ती खरवड सोडवून घेतली. रंग तिथूनच येतो, टोमॅटो घालायचा नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. मग पाणी, मग तांदूळ, झाकण. झाकण पडल्यावर कोणी हात लावायचा नाही. त्यांचा नातू पहारा देत उभा होता. तिथल्या मॅचेस बऱ्याचदा रात्रीच्या असतात, त्यामुळे दिवसभर नुसतं रांधणं आणि वाढणं चालू. आम्ही दोन-दोनदा वाढून घेतलं. निघताना काका म्हणाले, "आता जा, आणि हरा." त्या घरी मी पुढे थँक्सगिव्हिंगलाही गेले.

ऑक्सफर्ड, मिसिसिपी

इथे गाड्या नसतात. विद्यापीठाच्या आवारात ग्रोव्ह नावाची जुन्या झाडांची राई आहे, तिथे तंबूच तंबू. तंबूत झुंबरं, चांदीची भांडी, ताजी फुलं. मुली ठेवणीतले कपडे घालतात, मुलगे टाय लावतात. आदरातिथ्यात कुठे कमी पडत नाहीत.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच आवारात, ग्रोव्हपासून चार पावलांवर, 1962 साली जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल झाली आणि दोन माणसं मेली. आज तिथे त्याचा पुतळा आहे. माझा रूममेट इथलाच, कृष्णवर्णीय. त्याच्या आजीने तरुणपणी या आवारात पाय ठेवला नव्हता. आता त्यांच्या कुटुंबाचा स्वतःचा तंबू असतो आणि ती त्यात मधोमध बसते. मी नमस्कार करायला वाकलो तर तिने माझे हात धरून शेजारी बसवून घेतलं. ग्रोव्हबद्दल लिहिणारे झुंबरांबद्दल भरभरून लिहितात. या आजींबद्दलही लिहायला हवं.

अॅन आर्बर, मिशिगन

सांगलीहून आई-बाबा आले होते. मिशिगन स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बसतात, त्यामुळे शेजारच्या गोल्फ कोर्सवरही गाड्या लावू देतात. एवढ्या हिरवळीवर गाड्या घालतात हे बाबांना अजिबात पटलं नाही. मग त्यांना कॉर्नहोल सापडला. उतरत्या फळीला भोक, सत्तावीस फुटांवरून छोटी पिशवी टाकायची, भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. बाबांनी लहानपणी गल्लीत गोट्या खेळून कमावलेला नेम तिथे कामी आला. शेजारच्या तंबूतली पोरं "मिस्टर पी" म्हणून त्यांना आपल्या संघात ओढत होती. एरवी अमेरिकेत "मला इथे कोण विचारतंय" म्हणणारे बाबा मॅच सुरू झाली तरी आत यायला तयार नव्हते.

बफेलो, न्यूयॉर्क

आमच्या लोकांची, म्हणजे बफेलो बिल्स संघाच्या चाहत्यांची, टेबलांवर उड्या मारून ती मोडण्याची ख्याती आहे. ते आहेच. पण बर्फ साचला की स्टेडियम मोकळं करायला फावडी घेऊन येतात तेही हेच. नोव्हेंबर 2020 मध्ये आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) जॉश अॅलनची आजी गेली. कोविडमुळे ना प्रेक्षक होते, ना टेलगेट. तेव्हा चाहत्यांनी त्याच्या जर्सीच्या आकड्याप्रमाणे 17-17 डॉलर इथल्या ओशाय मुलांच्या हॉस्पिटलला पाठवले. दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली आणि हॉस्पिटलने एका विभागाला त्या आजींचं नाव दिलं.

(शहर लिहीत नाही)

कटू लिहिते, पण लिहायला हवं. सकाळी नऊपासून पिणारे लोक अकराला कसे होतात ते लहान मुलांसह पाहिलंय. एकाने माझ्या मुलाच्या टोपीवरून शिवी दिली. शेजारच्या तंबूतल्या बायका न सांगता आमच्या भोवती उभ्या राहिल्या, म्हणून निभावलं. मुलं बरोबर असतील तर कुटुंबांसाठी राखलेला भाग असतो का ते आधी विचारून घ्या.

कॅन्सस सिटी, मिझुरी

अॅरोहेड स्टेडियमच्या पार्किंगमध्ये आत जाण्याआधीच पोट भरतं. ब्रिस्केटच्या (गोमांसातल्या छातीच्या भागाच्या) टोकांचे जळके, गोडसर तुकडे, बर्न्ट एंड्स, ही इथली खरी ओळख. शाकाहारी मंडळींनी स्वतःचं छोटं ग्रिल आणावं हे उत्तम. पनीर, मक्याची कणसं, भोपळी मिरची. वास गेला की लोक आपणहून येतात, म्हणून जास्तीचं आणा. पार्किंगचा पास घरूनच ऑनलाइन काढा. आणि निघताना निखारे कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, गाडीखाली तर मुळीच नको. निखाऱ्यांसाठी वेगळी पिंपं ठेवलेली असतात, तिथे नेऊन ओता.